एका हंगामाचा लाइनबॅकर

अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्याची व्यावसायिक कारकीर्द सरासरी किती वर्षं टिकते, यावर खेळाडूंची संघटना आणि एनएफएल ही लीग यांचं एकमत नाही. संघटना म्हणते, तीन वर्षांहून थोडी जास्त. लीग म्हणते, सहाच्या आसपास. खोटं कुणीच बोलत नाही. संघटना सरसकट सगळ्यांना धरते. लीग मात्र पहिल्याच वर्षी हंगामाच्या सुरुवातीला संघात जागा पटकावणाऱ्यांपुरतं बोलते. संघात जागा 53, उन्हाळी शिबिरात उमेदवार 90. पेन्शनचा हक्क मिळतो तीन हंगाम भरल्यावर. तोवर कितीतरी जणांना निरोप दिलेला असतो.

ख्रिस बोरलंडला मात्र कुणी निरोप दिला नव्हता. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सला तो हवा होता, लोकांना आवडत होता, आणि वय होतं 24. मार्च 2015 मध्ये एकाच हंगामानंतर त्याने खेळ सोडला. कारण विचारल्यावर त्याने दिलेलं उत्तर लीगला झोंबलं: मेंदूला होऊ शकणाऱ्या इजेची जोखीम त्याला पत्करायची नव्हती.

बोरलंड मूळचा ओहायोचा, विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून खेळलेला. 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, तिसऱ्या फेरीत, एकूण 77 वा निवडला गेला. उंची सहा फुटांच्या आत, म्हणजे या धंद्यात बुटकाच. लाइनबॅकर हा बचावाच्या दुसऱ्या फळीतला गडी; चेंडू घेऊन घुसणाऱ्याला आडवं पाडणं हे त्याचं काम. आपल्या कबड्डीतल्या पकडीसारखंच, फक्त दोन्ही बाजूंची शंभर-सव्वाशे किलोंची शरीरं धावत येऊन एकमेकांवर आदळतात. ऑक्टोबरमध्ये पॅट्रिक विलिस हा मुरलेला लाइनबॅकर जखमी झाला आणि बोरलंडला संधी मिळाली. शंभराहून जास्त टॅकल, नोव्हेंबरचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू हा मान, आणि न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध दोन इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू मधेच पकडणं. त्यातलं दुसरं शेवटच्या मिनिटांत, थेट गोलरेषेपलीकडे. घोट्याच्या दुखापतीने हंगाम थोडा आधी संपला, एवढंच.

पण ही कारकीर्द संपण्याची सुरुवात त्याच्याही आधी, शिबिरातच झाली होती. सरावात एका धिप्पाड फुलबॅकशी टक्कर झाली आणि तो भोवंडला. डोक्याला मार लागलाय हे त्याला जाणवलं. त्याने कुणालाही सांगितलं नाही, खेळत राहिला, कारण संघातली जागा पक्की करायची होती. माझ्या मते या कथेतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. लीगकडे डॉक्टर आहेत, नियम आहेत, डोक्याला मार लागलेल्याला मैदानाबाहेर बसवण्याची पद्धत आहे. त्या सगळ्याची भिस्त मात्र नोकरी धोक्यात असलेल्या पोराने खरं बोलण्यावर. एरवी असे प्रसंग विसरले जातात. बोरलंड विसरला नाही. हंगाम सुरू होण्याआधीच त्याने आईवडिलांना पत्र लिहून कळवलं, की एनएफएलमधली आपली कारकीर्द बहुधा छोटी असेल. मग तो वाचत राहिला, संशोधकांशी बोलला.

वाचण्यासारखं बरंच होतं. पिट्सबर्ग स्टीलर्सचा माईक वेबस्टर 2002 मध्ये वारला, तेव्हा बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला आणि त्यात सीटीई हा आजार आढळला. वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी टाऊ नावाचं प्रथिन मेंदूत साचत जातं. स्मृती, स्वभाव, ताबा सगळं ढासळतं. खात्रीचं निदान मृत्यूनंतरच होतं, म्हणून खेळणाऱ्याला आपण कुठवर आलोय हे कळायला मार्ग नाही. बेशुद्ध पाडणारा एखादा मोठा आघातच घातक असतो असंही नाही. लाइनबॅकरला सरावात रोज बसणारे छोटे धक्केही त्यात मोजावे लागतात. पुढे, त्याने खेळ सोडल्यानंतर, 2017 मध्ये बोस्टन विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एनएफएल खेळाडूंच्या 111 मेंदूंपैकी 110 मध्ये सीटीई निघाला. अर्थात, हे दान केलेले मेंदू होते, आणि लक्षणं दिसलेल्यांच्या घरचेच दानाला जास्त पुढे येतात. तेव्हा ते प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. ही सावधगिरी बाळगूनही आकडा धडकी भरवतो.

पैशाची बाजू सोपी आहे. बोरलंडचा करार चार वर्षांचा, सुमारे 30 लाख डॉलरचा. सहीच्या वेळी मिळालेला बोनस साधारण 6 लाख 17 हजार. तो चार वर्षांवर विभागलेला असतो. खेळलं एक वर्ष, म्हणून उरलेला तीन चतुर्थांश, चार लाख साठ हजारांच्या वर, परत करण्याची त्याने तयारी दाखवली. कुणी त्याला भित्रा म्हणालं, कुणी शहाणा. मला तो हिशेबी वाटतो, आणि या खेळात असा हिशेब फार थोडे जण वेळेवर मांडतात.

त्याच्या निर्णयावर एनएफएलच्या आरोग्य विभागाचे तेव्हाचे उपाध्यक्ष जेफ मिलर म्हणाले होते, की निर्णयाचा आदर आहे, पण फुटबॉल आज पूर्वी कधीही नव्हता इतका सुरक्षित आहे. 14 मार्च 2016 ला वॉशिंग्टनमध्ये काँग्रेस सदस्यांसमोर याच मिलरना विचारण्यात आलं, की फुटबॉल आणि सीटीईसारखे आजार यांचा संबंध आहे का. ते ‘निश्चितच हो’ म्हणाले. लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीरपणे असं मान्य करण्याची ती पहिली वेळ होती.