बहुभाषी मजकुराची साठवण आणि मराठीतील 'ऱ्य'

संकेतस्थळावरील एकच लेख अनेक भाषांतून डेटाबेसमध्ये ठेवावयाचा झाला, म्हणजे प्रथम सुचतो तो स्तंभ वाढविण्याचा मार्ग : मराठी शीर्षक, हिंदी शीर्षक, इंग्रजी शीर्षक. भाषा दोनच राहणार असतील तर हा मार्ग अगदीच त्याज्य नव्हे. परंतु पुढे प्रत्येक नव्या भाषेसाठी तक्त्याची रचनाच बदलावी लागते. म्हणून दिनांकादी भाषानिरपेक्ष माहिती एका तक्त्यात व मजकूर दुसऱ्यात ठेवणे श्रेयस्कर होय. दुसऱ्या तक्त्यातील प्रत्येक ओळ लेखक्रमांक व भाषासंकेत या जोडीने ओळखावी.

भाषासंकेत द्व्यक्षरी असतो असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. मराठीपुरते ते खरे आहे. पण कोंकणीला द्व्यक्षरी संकेतच नाही, तिचा संकेत त्र्यक्षरी आहे. शिवाय गोव्याच्या १९८७ च्या अधिनियमाने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली असली, तरी रोमी लिपीतील कोंकणीही लिहिली-वाचली जाते. तेव्हा संकेतात लिपीलाही जागा हवी.

खरी अडचण याच्या पुढची आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांतील भेद मराठी वाचकास सांगावयास नको. पहिल्याने गुरुजनांचा बोध होतो, दुसऱ्याने स्वयंपाक्यांचा. यांपैकी दुसऱ्या शब्दातील 'ऱ्य' संगणकावर दोन प्रकारांनी लिहिला जातो. एकात युनिकोडमधील ०९३१ क्रमांकाचा स्वतंत्र 'ऱ' योजलेला असतो. दुसऱ्यात साधा 'र', हलन्तचिन्ह व त्यापुढे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक असतो. सामान्यतः पडद्यावर दोहोंत काहीच फरक दिसत नाही. बाइटशः तुलना करणाऱ्या डेटाबेसला मात्र ते भिन्न शब्द वाटतात, आणि एका रूपाने शोध घेणाऱ्यास दुसऱ्या रूपातील लेख सापडत नाही. युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांस एकरूप करीत नाही.

याच्या उलट टोक मायएसक्यूएलच्या ८.० या आवृत्तीत (२०१८) आढळते. तेथील उपजत तुलनानियम नुक्त्याचा भेद मानीत नाही व जोडकाकडे दुर्लक्ष करतो. 'ऱ' हा युनिकोडच्या हिशेबी नुक्तायुक्त 'र' असल्याने त्या नियमाखाली तिन्ही लेखने समान ठरतात. शब्दसूचीच्या तक्त्यात पुनरुक्तीस बंदी असेल, तर 'दर्या' असताना 'दऱ्या' हा शब्द भरताच येत नाही. समुद्र आला की डोंगरातील दऱ्यांना वाट नाही!

यावर उपाय म्हणून सरसकट जोडक गाळणे घातक होय, कारण मग आचाऱ्यांचे खरोखरच आचार्य होतात. मजकूर आत घेतानाच 'र', हलन्त व जोडक हा क्रम आढळेल तेथे 'ऱ्' करावा. अन्यत्र जोडकास हात लावू नये. ओळख पटविणाऱ्या स्तंभास नुक्त्याचा भेद मानणारा तुलनानियम लावावा. वाचकाच्या शोधासाठी मात्र शिथिल नियमच सोयीचा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण कळफलकावर 'ऱ' कोठे आहे हे पुष्कळांस ठाऊक नसते.