१३९ की ५५६?

सकाळी ६

डिसेंबरातला रविवार. आज क्लासमध्ये गेट परीक्षेचा पूर्ण सराव पेपर आहे, विषय सिव्हिल. मुलांच्या हातात पडायच्या आधी मी तो घड्याळ लावून सोडवते. पेपर मीच काढलेला, तरीही. काढताना उत्तर आधी डोक्यात असतं आणि प्रश्न मागून येतो; सोडवायला बसलं की शब्दाशब्दाने पुढे जावं लागतं. एखाद्या आकृतीत अंतर द्यायचंच राहिलंय, हे तेव्हाच दिसतं.

बहुपर्यायी प्रश्नात सगळ्यात जास्त डोकं खर्च होतं ते तीन चुकीच्या उत्तरांवर. ६ मीटरचा बीम, दोन्ही टोकं फिक्स्ड, मीटरला २० किलोन्यूटन असा सलग भार. टोकाशी बेंडिंग मोमेंट किती? उत्तर ६० किलोन्यूटन-मीटर. बाकीचे पर्याय ३०, ९० आणि ३६०. मधल्या बिंदूचा मोमेंट काढणाऱ्याला ३० मिळतात. बीम टोकांवर नुसता टेकवलाय असं धरणाऱ्याला ९०, आणि कँटिलिव्हर समजून बसलेल्याला ३६०. मुलाने कुठे टिक केली यावरून तो कुठल्या वळणावर चुकला, हे त्याला न विचारता कळतं. त्याऐवजी ४७, ७२ असे उगाच आकडे टाकले, तर चुकणाऱ्याला आपलं उत्तर यादीत सापडत नाही, तो गणित पुन्हा करतो आणि बरोबर उत्तरावर येतो. खऱ्या पेपरात अशी दया कुणी दाखवत नाही.

सकाळी ९.३०

परीक्षेचं सकाळचं सत्र ९.३० ते १२.३० असतं, म्हणून सरावाची वेळही तीच. दारात सगळ्यांचे कॅसिओ जमा करून घेते. परीक्षेत स्क्रीनवरचाच कॅल्क्युलेटर वापरायचा, तोही माउसने एकेक बटण दाबून. घरी बोटं सरावाने चालतात. इथे साधं वर्गमूळ काढायचं तर आधी बटण शोधावं लागतं. ती सवय नोव्हेंबर-डिसेंबरात लागली तर लागली.

१८० मिनिटं, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले पहिले १५ गुण भाषा, तर्क आणि अंकगणिताच्या १० प्रश्नांचे. सिव्हिलवाल्यांना ते किरकोळ वाटतात. पण १५ गुण म्हणजे एखाद्या आख्ख्या विषयाचा भार, आणि त्यासाठी स्टीलचा कोड पाठ करावा लागत नाही.

रांगांमधून फिरताना मी स्क्रीनकडे बघत नाही, रफ कागद बघते. ज्याच्या कागदावर प्रश्नाचा नंबर आणि खाली एककांसकट मांडणी असते, त्याला शेवटच्या वीस मिनिटांत मागे जाऊन तपासता येतं. ज्याच्या कागदावर आकडे चारी दिशांना पसरलेत, तो तपासायला जातो म्हणजे गणित पहिल्यापासून करतो.

दुपारी १२.३०

पेपर संपला की जिन्यातच उत्तरं जुळवणं सुरू होतं. "अरे, सत्तावीसला तुझं काय आलं?" मी उत्तरसूची लगेच देत नाही. आधी जेवा, चहा घ्या, चारला बसू. तोवर जे प्रश्न घोळत राहतात, त्यातले दोन-तीन मुलं जेवताना आपणच सोडवतात.

दुपारी २

डबा बाजूला सारून निकालाचा तक्ता उघडते. एकूण गुणांचा रकाना मी शेवटी बघते. आधी प्रश्नवार बघायचं, कोणी काय उत्तर दिलं.

आज नजर एका संख्यात्मक प्रश्नावर. अशा प्रश्नाला पर्याय नसतात, आकडा आपण टाकायचा. चिकणमातीचा २० मिलिमीटर जाडीचा नमुना, पाणी वरून आणि खालून दोन्हीकडून निघतं. प्रयोगशाळेत ५० टक्के कन्सॉलिडेशन व्हायला ५ मिनिटं लागली. तीच माती साइटवर ४ मीटर जाड, खाली अभेद्य खडक. तिथे ५० टक्क्यांना किती दिवस?

निम्म्याहून जास्त मुलांचं उत्तर १३९ च्या आसपास. बरोबर उत्तर ५५५.६. सूत्र कोणीही चुकलेलं नाही. वेळ वाढते ती पाण्याच्या सर्वांत लांब वाटेच्या वर्गात. नमुन्यात ही वाट निम्म्या जाडीची, १० मिलिमीटर. साइटवर खालून पाणी निघायला जागाच नाही, म्हणून वाट पूर्ण ४ मीटर. प्रमाण ४०० पट, वर्ग १,६०,०००, गुणिले ५ मिनिटं म्हणजे ८ लाख मिनिटं. मुलांनी साइटवरही जाडी निम्मी केली, की उत्तर बरोबर चौथ्या हिश्शावर आलं. 'अभेद्य खडक' हे दोन शब्द डोळ्यांखालून गेले, पण आकडेमोडीत उतरले नाहीत.

काहींनी ५६१ लिहिलंय. त्यांनी आधी कन्सॉलिडेशनचा गुणांक काढला आणि ३.९४ चे ३.९ केले. विचार पक्का, आकडेमोड ढिली. उत्तराची मर्यादा मी ५५० ते ५६२ अशी ठेवली होती, त्यामुळे त्यांना गुण मिळाले. पण वहीत शेरा मारला: मधल्या पायरीवर आकडा तोडू नका.

दुपारी ४

चर्चेचा तास. पहिला प्रश्न दर वेळचाच: "मॅडम, येत नसेल तर ठोकून द्यायचं का?"

फळ्यावर हिशेब मांडते. एक गुणाच्या बहुपर्यायी प्रश्नात चूक झाली तर एक तृतीयांश गुण जातो. चार पर्यायांत डोळे झाकून टिक केली, तर सरासरी लाभ शून्य. एक पर्याय ठामपणे खोडता आला, तर सरासरी एक नवमांश गुण पदरात पडतो. दोन गुणांच्या प्रश्नात त्याच्या दुप्पट. म्हणून खोडता येत असेल तर ठोका. संख्यात्मक प्रश्नाला उणे गुण नाहीत, तिथे जागा रिकामी ठेवू नका.

मग एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात तो प्रकार. आयआयटी मुंबईने २०२१ ची परीक्षा घेतली तेव्हा हा आला. उणे गुण नाहीत, पण अर्धवट गुणही नाहीत. आजचा प्रश्न गोल पाइपातल्या लॅमिनार प्रवाहावर होता: सरासरी वेग कमाल वेगाच्या निम्मा, हेड लॉस वेगाच्या प्रमाणात, घर्षणगुणांक खडबडीतपणावर अवलंबून, पाइपाच्या भिंतीशी वेग शून्य. तिसरं सोडून सगळी विधानं बरोबर. मागच्या बाकावरच्या मुलीने पहिली दोन निवडली, चौथं सोडलं.

"का गं?"

"मॅडम, इतकं सोपं विधान पर्यायात कशाला देतील असं वाटलं."

वर्ग हसला, पण चौथं सोडणारे आणखी बरेच होते. प्रश्न वाचायचा सोडून प्रश्न काढणाऱ्याचं मन वाचायला गेलं की असं होतं.

संध्याकाळी ७.३०

आता नोकरी करणाऱ्यांची ऑनलाइन बॅच. कोणी मेट्रोच्या साइटवर, कोणी कन्सल्टंटकडे ड्रॉइंग काढणारं. स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणून यांच्यातले काही जण या वर्षी परीक्षा देऊन एमटेकचा निर्णय पुढे ढकलतात. काहींचा डोळा सरकारी कंपन्यांच्या भरतीवर.

तोच १३९ आणि ५५६ चा प्रश्न इथेही घेतला. साइटवरचा एक जण म्हणाला, "मॅडम, दशांश साइटवर कोण विचारतो? साडेचार महिने की दीड वर्ष, एवढंच विचारतात." सबंध चर्चेतलं मला पटलेलं हे सगळ्यात नेमकं वाक्य. उत्तर आलं की त्याला महिन्यांत, वर्षांत, मजल्यांत बदलून बघायचं. चार मीटर चिकणमाती, खाली पाण्याला वाट नाही, आणि निम्मं काम साडेचार महिन्यांत? ज्याने माती पाहिली आहे त्याला ते पटत नाही. सुतावरून स्वर्ग गाठायला लावणाऱ्या परीक्षेत एवढी जमिनीवरची शंका उपयोगी पडते.

रात्री १०

पुढच्या रविवारचा पेपर. कन्सॉलिडेशनचा प्रश्न पुन्हा घालते, पण 'अभेद्य खडक' हे शब्द काढून टाकते. आजच्यानंतर मुलं तेवढे दोन शब्द शोधतील, सापडले की खूश होतील आणि मातीचा विचार तसाच राहील. या वेळी आकृतीत थराखाली नुसती खडकाची रेघाटी काढली, वर वाळू दाखवली. दुसरा प्रश्न त्याच आकड्यांचा, फक्त खालीही वाळू. तिथे बरोबर उत्तर १३९ च.