हवा काढली की गाडी बर्फावर चालते

नोव्हेंबर २०१० मध्ये अंटार्क्टिकावरच्या ‘मैत्री’ या भारतीय तळावरून आठ जणांचं पथक दक्षिण ध्रुवाकडे निघालं. मोहीम गोव्यातल्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राची, नेते रसिक रवींद्र. सरळ रेषेत मोजलं तरी ध्रुव २,१०० किलोमीटरहून लांब. ही वाट त्यांनी कापली ती चक्क टायरवर धावणाऱ्या टोयोटा गाड्यांतून. आइसलंडच्या ‘आर्क्टिक ट्रक्स’ या कंपनीने त्या बर्फासाठी बदलून घडवल्या होत्या. पथक ध्रुवावर पोहोचलं आणि परतही आलं.

दोन-अडीच टनांची गाडी भुसभुशीत बर्फात रुतत कशी नाही? टायर अवाढव्य असतात हे खरंच, पण खरी करामत त्यांतून काढून टाकलेल्या हवेची. रस्त्यावर पिकअपच्या टायरमध्ये साधारण ३० पीएसआय दाब असतो. खोल बर्फात तो थेट ३ पर्यंत उतरवतात. टायर जमिनीवर जो दाब देतो, तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. दाब दहापट घटला, की तेच वजन पेलायला दहापट जागा लागते आणि टायर तेवढा पसरतो. अडीच टनांच्या गाडीचं एकेक चाक आधी ३०० चौरस सेंटिमीटरवर टेकत असेल, तर आता जवळजवळ ३,००० वर. बर्फाला जाणवणारा दाब मग केवढा? बूट घालून नुसत्या उभ्या असलेल्या माणसाचा असतो, साधारण तेवढाच! इतका सैल टायर रिमवरून निसटू नये, म्हणून त्याची कड घट्ट आवळून धरणारे खास रिम बसवतात.

एवढा एक टायर बदलला, की सगळी गाडी नव्याने मांडावी लागते. ३० इंची टायर एका फेऱ्यात सुमारे २.४ मीटर जातो, ३८ इंची ३ मीटर. म्हणजे इंजिनावरचा भार वाढतो आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी खरं तर ७६ ने धावत असते. म्हणून डिफरन्शियलचे (अॅक्सलवरून चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचे) गिअर बदलायचे, मीटर जुळवून घ्यायचा. टायरला जागा हवी म्हणून मडगार्ड कापायचे, बॉडी उचलायची. उंचीबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो. गाडी कलंडू नये म्हणून चाकं बाहेर सरकवून तिचा पाया रुंद करायचा.

दिव्यांचंही तसंच. डिसेंबरात आइसलंडमधल्या रेक्याविकला दिवस जेमतेम चार तासांचा. टपावरचे दिवे लांबवर उजेड टाकतात, पण हिमवादळात तोच उजेड पडत्या बर्फावर आपटून चालकाच्या डोळ्यांत शिरतो. तेव्हा कामाला येतात खाली, बंपरजवळ लावलेले दिवे. त्यांचा तिरपा प्रकाश बर्फातल्या प्रत्येक उंचवट्यामागे लांब सावली पाडतो आणि पांढऱ्यावर पांढरा असलेला खड्डा दिसू लागतो. गाडी उचलल्यावर हेडलाइटचा रोखही खाली आणावाच लागतो, नाहीतर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

अशी उंच गाडी कुठे दिसली, तर वाकून मागच्या अॅक्सलचा डिफरन्शियलचा गोळा बघा. सस्पेन्शन कितीही उचला, तो गोळा तिथेच राहतो. त्याला जमिनीपासून वर नेतो तो फक्त टायर. व्यास आठ इंचांनी वाढला, तर गोळा चार इंच वर. बाकी सगळी उंची म्हणजे त्या टायरसाठी करून दिलेली जागा.