न दिसणारा दोरा (लेखमाला : मशीनवरची रजई, भाग ७)

मागच्या आठवड्यात सुती दोऱ्यांचे नंबर पाहिले, पण एक पेच तसाच राहिला. तुकड्यांची रजई आहे, तिच्यात पांढऱ्यापासून जांभळ्यापर्यंत बारा रंग आहेत आणि वरचा थर, बॅटिंग, अस्तर असं सगळं धरून ठेवणारी शिवण या काठापासून त्या काठापर्यंत एका दमात न्यायची आहे. मग दोरा कुठल्या रंगाचा लावायचा? करडा लावला तर पिवळ्यावर मळल्यासारखा दिसतो, बदामी लावला तर काळ्यावर उठून येतो. दर तुकड्याला रीळ बदलायचं म्हटलं तर ही थंडी संपून पुढची येईल. अशा वेळी कामाला येतो तो पारदर्शक दोरा. इंग्रजी नाव घेतलं की दुकानदाराला पटकन कळतं : इन्व्हिजिबल थ्रेड, किंवा नुसतं मोनोफिलामेंट.

दोरा म्हणायचा, पण त्याला पीळ नाही आणि पदरही नाहीत. सुती दोरा आखूड तंतू कातून, दोनतीन पदर एकत्र पिळून होतो. पारदर्शक दोरा ही वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक छिद्रातून ओढून काढलेली एकच अखंड तार असते. मासे पकडायला किंवा मणी ओवायला आपण जे तंगूस वापरतो, ते याच जातीचं. फरक फक्त जाडीचा. रजईला चालणारी तार साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे डोक्यावरच्या जाडसर केसाएवढी असते. परदेशी रिळांवर हीच जाडी इंचात, ०.००४ अशी छापतात. भुलेश्वरला किंवा पुण्यात रविवार पेठेत 'पारदर्शक दोरा' मागितला की बऱ्याचदा मण्यांच्या कामाचं जाड तंगूस पुढे येतं. रिळावर जाडी लिहिलेली नसेल तर वीतभर तार सोडवा आणि एका टोकाला धरा. केसासारखी लोंबली तर घ्या. तारेसारखी ताठ उभी राहिली तर ती माळेची, तिला रजईवर आणू नका. जाड तार अंगाला टोचते, टाक्यात नीट बसत नाही, आणि कापडापेक्षा बळकट असल्यामुळे ओढ बसली की स्वतः न तुटता सूत कापते. शिवणीतला दोरा कापडापेक्षा नेहमी थोडा कमजोरच हवा. दोरा तुटला तर पुन्हा शिवता येतं, कापड फाटलं तर ठिगळ लावावं लागतं.

रजईच्या जगात या तारेला प्रतिष्ठा मिळाली ती अमेरिकेत, आणि तीही भांडणातून. तुकडे मशीनवर जोडले तर चालतील, पण थर टाचायचे ते हातानेच, असं तिथल्या अनेक रजईकार बायकांचं पक्कं मत होतं. कोलोरॅडोतल्या हॅरिएट हारग्रेव्ह यांनी १९८७ साली 'हेअरलूम मशीन क्विल्टिंग' हे पुस्तक काढलं आणि घरातल्या साध्या मशीनवर जुन्या वळणाच्या रजया कशा टाचता येतात ते दाखवलं. वर बारीक नायलॉनची तार आणि खाली सुती दोरा ही त्यांची जोडी. दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, केंटकी राज्यातल्या पडूका इथे अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांची 'करोना २ : सोलर एक्लिप्स' ही मशीनवर टाचलेली रजई सर्वोत्कृष्ट ठरली. त्यावर नाकं मुरडली गेलीच. पण त्यानंतर मशीनला दारातून परत पाठवणं कुणाला जमलं नाही.

हारग्रेव्हबाईंनी तार का निवडली असावी, हे हातातली रजई नीट पाहिली की कळतं. हाताचा टाका तुटक उमटतो, मशीनचा टाका सलग रेघ ओढतो, आणि ती रेघच डोळ्याला खुपते. रेघ दिसेनाशी केली की मागे उरते फक्त शिवणीची दरी आणि तिच्या दोन्ही बाजूंना फुगलेली बॅटिंग. पारदर्शक दोऱ्याचं काम एवढंच : सावली ठेवायची, रेघ काढून टाकायची. जिथे तुम्हाला रेघच हवी आहे, उदाहरणार्थ एकरंगी कापडावर काढलेली वेलबुट्टी, तिथे ही तार वापरणं म्हणजे नक्षी काढून पुसणं. काही जणी वाकडे टाके लपवायला तार वापरतात. ते साधत नाही, कारण टाका लपला तरी दरी वाकडीच दिसते.

आता निवडीचा खरा प्रश्न : नायलॉन की पॉलिएस्टर? दुकानात दोन्ही सारखीच दिसतात. नायलॉन वयाने थोडं मोठं. ड्यूपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने ते १९३५ साली तयार केलं. पॉलिएस्टरचा धागा १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये विनफील्ड आणि डिक्सन यांनी काढला. त्याचं बाजारातलं नाव टेरिलिन. टेरिलिनचे शर्ट आणि टेरिकॉटच्या पँटी ज्यांनी घातल्या, त्यांना या धाग्याचा चिवटपणा वेगळा सांगायला नको. नायलॉन हाताला मऊ लागतं, जास्त ताणतं आणि हवेतला ओलावा थोडा पितं, साधारण वजनाच्या चार टक्के. पॉलिएस्टर जवळजवळ काहीच पीत नाही आणि ताणतंही कमी. मऊपणामुळे नायलॉन कापडात छान बुडतं, हे मान्य. पण उन्हाने ते पिवळं पडत जातं आणि पुढे ठिसूळ होतं. आपल्याकडे घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुऊन दिवसभर गच्चीवर कडक उन्हात टाकायची रीत आहे. वर्षानुवर्षं असं ऊन खाणाऱ्या रजईला मी नायलॉन लावणार नाही.

इस्त्रीचं भय मात्र वाजवीपेक्षा जास्त पसरलेलं आहे. पॉलिएस्टर वितळतं साधारण २५५ ते २६० अंश सेल्सिअसला. नायलॉनचे दोन प्रकार रूढ आहेत, त्यातला एक जवळपास तेवढ्याच उष्णतेला आणि दुसरा २२० अंशांच्या आसपास. घरातली इस्त्री 'कॉटन'वर साधारण २०० अंशांपर्यंत जाते. म्हणजे तार लगेच वितळून थेंब होईल असं नाही. पण वितळायच्या बरीच आधी ती मऊ पडते आणि आकसते, आणि तिच्याबरोबर शिवणही गोळा होते. रिळावर नुसतं 'नायलॉन' लिहिलेलं असतं, दोनांतलं कुठलं ते लिहीत नाहीत. म्हणून नवं रीळ आणलं की एका चिंधीवर दहा-बारा रांगा शिवून त्यावर इस्त्री कॉटनवर ठेवून वाफेसकट दाबा. चिंधी सपाट राहिली तर निश्चिंत व्हा. एकूण विचारलं तर माझं मत पॉलिएस्टरला. वापरायच्या, धुवायच्या, वाळवायच्या रजईला तेच घ्यावं. भिंतीवर, तेही उन्हाच्या वाटेत नसलेल्या भिंतीवर लावायच्या कामाला नायलॉन खुशाल वापरा.

रंग दोनच : पारदर्शक आणि धुरकट. हलक्या रंगांवर पारदर्शक, गडद रंगांवर धुरकट, हा ढोबळ नियम. काळ्या किंवा गर्द निळ्यावर पारदर्शक तार चमकते, कारण गोल तारेच्या पाठीवरून उजेड परततो आणि गडद पार्श्वभूमीवर तो लगेच डोळ्यात भरतो. धुरकट तार बराचसा उजेड पिऊन टाकते. लाल आणि जांभळा फसवे आहेत. ते डोळ्याला उजळ वाटतात, पण त्यांच्यावर धुरकटच शोभते. ट्यूबलाइटखाली ठरवू नका. तारेचा हातभर तुकडा रजईवर आडवा टाकून खिडकीपाशी न्या आणि दोन पावलं मागे सरून तिरपं बघा.

मशीनवर मात्र या दोऱ्याशी जपून वागावं लागतं. बहुतेक तक्रारी इथूनच निघतात आणि त्या सगळ्यांचं मूळ एक : तार ताणते. टेन्शनच्या चकत्यांमधून येताना ती लांबते, लांबलेल्या अवस्थेतच टाक्यात अडकते, आणि पायाखालून सुटली की आखडते. मग शिवताना सरळ दिसलेली ओळ टेबलावर ठेवताच चुण्यांनी भरते. त्यात चकत्या घट्ट असल्या तर तार खालचा दोरा वर उपसते आणि शिवणीवर ठिपक्यांची रांग लागते. उपाय एकच, वरचा ताण उतरवायचा. डायल नेहमी ४ वर असेल तर ३ करा, मग २, कधी त्याच्याही खाली. दर वेळी चिंधीवर शिवून पाहा, आणि ती चिंधी तीन थरांचीच असू द्या. नुसत्या कापडावर जमलेला ताण बॅटिंगवर फसतो. पायडलच्या काळ्या मशीनला आकडे नसतात. तिथे टेन्शनचं नट पाव-पाव फेरा सैल करत जा आणि आधी कुठे होतं त्याची खूण करून ठेवा. बॉबिनच्या डबीचा स्क्रू हलवायची गरज सहसा पडत नाही.

खाली सुती दोरा घ्या, ५० किंवा ६० नंबरचा. तो कापडाला धरून राहतो आणि तारेच्या निसरडेपणाला आवर घालतो. खालीही तारच लावायचा हट्ट असेल तर बॉबिन अगदी सावकाश आणि निम्मीच भरा. वेगात भरली की तार ताणून गुंडाळली जाते, नंतर आकसते आणि प्लॅस्टिकच्या बॉबिनच्या कडा फाकवते. मग बॉबिन डबीत अडकून बसते आणि आपण दोष मशीनला देतो.

सुई बारीक हवी. साध्या शिवणकामाला आपण सर्रास १४ नंबर लावतो, पण ती इथे चालणार नाही, कारण तिच्या भोकापुढे तार फारच बारीक पडते आणि मग दिसतं ते भोकच. १० नंबर म्हणजे पाकिटावरचा ७० उत्तम, नाहीतर ११, आणि टोक धारदार. ओवताना मात्र परीक्षा असते. तारेच्या टोकाला काळ्या स्केचपेनचा ठिपका लावा आणि सुईमागे कागद धरा.

रीळ मशीनवर आडवं बसवलं तर तार वेटोळी घालत उडते आणि खुंटीभोवती फास बसतो. त्यापेक्षा मशीनच्या मागे रुंद तोंडाची काचेची बरणी ठेवा, रीळ तिच्यात उभं सोडा आणि तार वरून ओढून घ्या. बाकी वेग मध्यम ठेवा. शिवणीच्या दोन्ही टोकांना टाक्याची लांबी जवळजवळ शून्यावर आणून आठ-दहा टाके घाला. उलट शिवून पक्कं करायची सवय इथे सोडा, निसरडी तार त्यातून निसटते आणि गाठही दिसते.

आता एक गंमत. वर सांगितला तो ताण मुद्दाम उलटा केला, म्हणजे वर तार लावून टेन्शन चांगलं घट्ट केलं आणि बॉबिनमध्ये ठसठशीत रंगाचा सुती दोरा भरला, तर खालचा दोरा टिंबाटिंबाने वर येतो. मधली तार दिसत नाही. समोरून पाहिलं तर हुबेहूब धावदोरा! नव्या संगणकी मशीनमध्ये यासाठी तयार टाकाच असतो. आपल्या गोधडीच्या देशात हे तंत्र फार मोहात पाडणारं आहे. नऊवारीच्या जुन्या पातळांच्या थरांवर आजीने काठापासून आत घातलेले टाके संध्याकाळच्या दोन तासांत उमटवता येतात. करून पाहायला काहीच हरकत नाही. फक्त विकताना त्याला हातची गोधडी म्हणू नये. घेणाऱ्यानेही पाठ उलटून पाहावी. हाताचा धावदोरा दोन्ही बाजूंनी तुटक असतो. मशीनच्या नकलेत पाठीवर सलग रेघ सापडते आणि समोरच्या मोकळ्या जागेवरून नख फिरवलं तर तार लागते. खऱ्या गोधडीवर पारदर्शक दोरा लावायची कल्पना मला तरी पटत नाही. तिथे टाका हीच नक्षी असते, तो लपवला तर राहतात नुसती जुनी कापडं.

बाळाच्या दुपट्याला आणि रजईला ही तार अजिबात नको, यात दुसरं मत नाही. सुटलेला फास तान्ह्याच्या बोटाभोवती बसला तर तो दिसत नाही, तुटत नाही, आणि रक्त अडवतो. केसाने किंवा दोऱ्याने असं झाल्याचे प्रसंग डॉक्टरांना परिचित आहेत. तिथे सुतीच दोरा वापरा, रंग जुळला नाही तरी चालेल. कापलेली टोकंही जमिनीवर टाकू नका, ती झाडूला लागत नाहीत आणि रांगत्या मुलाच्या हाताला आधी लागतात. मशीनशेजारी वाटी ठेवा.

राहिलं उसवणं. समोरून उसवायला गेलात तर तार सापडायची नाही आणि उसवणीचं टोक कापडात घुसेल. रजई पालथी करा. खालचा सुती दोरा दर चार-पाच टाक्यांवर कापत जा, मग समोरून तारेचं एक टोक पकडून ओढा. ती एका दमात निघून येते, आणि तेवढ्यापुरता तिचा निसरडेपणा आपल्या बाजूचा असतो. पुढच्या आठवड्यात वॉकिंग फूट : तिन्ही थर एका चालीने पुढे नेणारा पाय, आणि तो नसेल तर काय करायचं.