रेषा दिसली, म्हणजे आजार झाला का?

थंडीत सकाळी उकिरडा उकरला की आतून वाफ निघते, हे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. ओल्या गवताची गंजी किंवा साखर कारखान्याच्या आवारात साठवलेला चिपाडाचा (कारखान्याच्या भाषेत बगॅसचा) ढीग, यांचंही तसंच. आतले सूक्ष्मजीव उष्णता सोडतात, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि ढिगाच्या पोटात तापमान 50-60 अंशांपर्यंत चढतं. साधे जीवाणू तिथे मागे पडतात. उष्णताप्रेमी मात्र मजेत वाढतात.

पुढे कुणीतरी तो ढीग हलवतो. धुळीतले बीजाणू जेमतेम एक मायक्रॉनचे, त्यामुळे ते थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. हा संसर्ग नव्हे बरं का. जीवाणू तिथे वाढत नाहीत, शरीरच त्यांच्या प्रथिनांवर चिडतं. चार ते आठ तासांनी ताप, कोरडा खोकला, धाप. बऱ्याचदा एक-दोन दिवसांत बरं वाटतं, माणूस परत कामावर जातो आणि पुन्हा तेच. वर्षानुवर्षं असं चाललं तर फुप्फुसात कायमचे व्रण पडू शकतात. आपल्याकडे खोकला-ताप म्हटलं की आधी टीबी आठवतो, आणि आठवायलाच हवा. पण इथे टीबीच्या गोळ्यांनी काही होणार नाही, धूळ सुटली पाहिजे.

गवताच्या धुळीमागे हे जीवाणू आहेत, हे 1963 मध्ये लंडनच्या जॅक पेपिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. बगॅसचा आजार 1941 मध्येच अमेरिकेतल्या लुइझियानात नोंदला गेला होता. त्याच्याशी जोडलेल्या जीवाणूला 1971 मध्ये थर्मोअ‍ॅक्टिनोमायसिस सॅकराय हे नाव मिळालं.

आता लॅबकडे येऊ. जीवाणू 50-55 अंशांवर वाढवायचा, गाळायचा, गाळलेल्या द्रवातून अँटिजेन वेगळे करायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या खाद्यात तो वाढवला त्यातही प्रथिनं असतात! ती अर्कात आली तर रुग्णाच्या अँटिबॉडी कशाला चिकटल्या, हे कसं सांगणार? यावरची युक्ती मला फार आवडते. खाद्य आधीच बारीक छिद्रांच्या पिशवीतून गाळायचं, म्हणजे त्यात फक्त छोटे रेणू उरतात. शेवटी अर्क तसल्याच पिशवीत भरून धुवायचा. आत जे मोठे रेणू राहतील ते जीवाणूचेच.

मग जेलमध्ये दोन खड्डे करायचे, एकात अर्क, दुसऱ्यात रुग्णाचं सीरम. दोन्ही एकमेकांकडे झिरपतात आणि जिथे जुळतं तिथे पांढरी रेषा उमटते. नेमकं कोणतं प्रथिन, हे बघायला वेस्टर्न ब्लॉट करतात. तिथे अर्क साबणासारख्या रसायनात उकळतात, त्यामुळे प्रथिनांच्या घड्या उलगडतात. काही अँटिबॉडी फक्त घडी ओळखतात, त्यांना मग काहीच दिसत नाही. म्हणून एका पद्धतीवर विसंबून चालत नाही.

सगळ्यात मोठी गोम पुढेच आहे. रेषा एवढंच सांगते, की या माणसाचा या जीवाणूशी संबंध आला. धडधाकट शेतकऱ्यांच्या रक्तातही अशा अँटिबॉडी सापडतात. उलट, रेषा नाही म्हणून आजार नाही, असंही नाही. गवतातल्या जीवाणूचा अर्क वापरून बगॅस हलवणाऱ्या कामगाराचं सीरम तपासलं, तर आजार असूनही जेल कोरंच राहू शकतं. माझ्या मते विकत मिळणाऱ्या तयार अर्काआधी त्या माणसाच्या कामाच्या जागची धूळ आणून, त्यातले जीवाणू वाढवून बघावेत. कष्ट जास्त आहेत, पण प्रश्न तरी योग्य विचारला जातो.

रिपोर्ट हातात घेऊन आलेल्याला मी आधी दोन गोष्टी विचारीन: सुट्टीवर गेलात की खोकला कमी होतो का? आणि तुम्ही ताजं चिपाड हाताळता की जुनं, साठवलेलं? ताज्याचा त्रास सहसा होत नाही. ओलसर राहून तापलेलं जुनं चिपाड फोडताना तो होतो.