सुरूचें झाड आणि नाताळ

नाताळ जवळ आला कीं, खरें नाताळचें झाड कोणतें, असें मुलें आम्हांस पुष्कळदां विचारतात. चित्रांत दिसणारें बर्फाळ मुलखांतील झाड तेवढें खरें, आणि आपल्या घरांतील सुरूची फांदी ही नुसती नक्कल, अशी त्यांची समजूत असते. ती दूर करण्याचा येथें अल्प यत्न करूं.

ही चाल मूळची जर्मन मुलखांतील. स्ट्रासबुर्ग नगरांत लोक घरांत झाड उभारून त्यास कागदी गुलाब, सफरचंदें व मिठाई बांधीत, असा उल्लेख १६०५ सालच्या एका वृत्तांतांत आहे. पुढें मेणबत्त्या आल्या. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचें झाडाभोवतीं काढलेलें चित्र १८४८ सालीं लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकांत छापलें गेलें, आणि इंग्लंडांत ही चाल झपाट्यानें पसरली. १८८२ सालीं न्यूयॉर्क येथील एका घरीं या झाडावर विजेचे दिवे लागले. म्हणजे ज्यांची ही चाल, त्यांनींही ती बदलतच राखली.

कोंकणांत तें झाड उगवत नाहीं. म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनीं सुरूची फांदी आणून वाळूच्या डब्यांत रोविली व तीवर कापसाचें बर्फ पसरलें. मौज ही कीं, सुरूच्या ज्या सुया दिसतात, तीं पानें नव्हेत; त्या कांडें असलेल्या हिरव्या डहाळ्या होत. खरीं पानें प्रत्येक सांध्यावर इवल्याशा खवल्यांसारखीं असतात.

परंतु सुरूचें काम नाताळापुरतें नाहीं. आपल्या म्हसळ्यापलीकडे दिवेआगर व श्रीवर्धन येथील किनाऱ्यांवर तीं झाडें वारा अडवितात व वाळू धरून ठेवितात. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ ह्याच किनारपट्टीवर आदळलें, तेव्हां सुरू, पोफळी, नारळ व आंबे असंख्य उन्मळून पडले. अशा स्थितींत कोवळ्या झाडाचा शेंडा केवळ आठ दिवसांच्या शोभेसाठीं तोडावा काय, ह्याचा विचार पालकांनींही करावा. कित्येक घरीं आतां प्लॅस्टिकचें झाड आलें आहे. तें वर्षानुवर्षें जपून वापरिलें तर ठीक. दर सालीं नवें घेतलें तर निव्वळ कचरा.

आम्ही सुचवितों तें असें: सुरूचें रोप कुंडींत लावावें, नाताळांत त्यासच तारा व रंगीत कागदाच्या साखळ्या बांधाव्या, आणि तें कुंडींत मावेनासें झालें म्हणजे पावसाच्या आरंभीं योग्य जागीं जमिनींत लावावें. साखळ्या कशा कराव्या हें आजीस विचारावें. पाणी मात्र मुलांनो, तुम्हीं घालावें.