लग्न हा उपचार नव्हे

चाकण, भोसरी, पिंपरीच्या कारखान्यांत काम करणारा तरुण कंपनीत कायम झाला, की घरून लग्नाचा लकडा सुरू होतो. त्याने आपण समलिंगी असल्याचे सांगितलेच, तर ‘शहरात राहून डोक्यात खूळ शिरले, लग्न झाले की जाईल’ असे ऐकावे लागते. या समजुतीला विज्ञानाचा आधार नाही.

आकर्षण कोणाविषयी वाटावे, हे कोणी ठरवून निवडत नाही. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पावणेपाच लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. समलिंगी वर्तन ठरवणारे एकच जनुक त्यात सापडले नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा दिसला. म्हणजे ही निवडच, असे मात्र नाही. डावखुरेपणाचेही एकच जनुक नाही, तरी कोणी ठरवून डावखुरे होत नाही. दटावून उजव्या हाताने लिहायला लावलेले मूल चेंडू डाव्याच हाताने फेकते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा मानसिक आजार नसल्याचे स्पष्ट केले. लैंगिक कल बदलण्याचे ‘उपचार’ करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितले. अशा उपचारांनी कल बदलत नाही. नैराश्य आणि आत्महत्येचा धोका मात्र वाढतो. लादलेल्या लग्नात तर आणखी एका मुलीचे आयुष्य भरडले जाते.

उपचार म्हणून लादले जाणारे हे लग्न मनाजोगत्या जोडीदाराशी करायचे म्हटले, तर कायद्यात बसत नाही. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला.

त्याचा परिणाम अगदी रोजच्या व्यवहारात दिसतो. ईएसआय योजनेत कामगाराच्या कुटुंबात पती किंवा पत्नी, मुले, अवलंबून असलेले आई-वडील येतात. दहा वर्षे एकत्र राहिलेला समलिंगी जोडीदार येत नाही. चिंचवडच्या मोहननगरमधील ईएसआय रुग्णालयात पत्नीला मिळणाऱ्या उपचारांवर त्याचा हक्क नसतो. संयुक्त बँक खाते आणि नॉमिनीसाठी मात्र अडचण नाही, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

हा हक्क जनुकांच्या पुराव्यावर अवलंबून असण्याचे कारणही नाही. धर्म माणसाला बदलता येतो, तरी धर्मस्वातंत्र्याला संविधानाचे संरक्षण आहेच.

मुलाने किंवा मुलीने हे घरी सांगितले, तर आधी शांतपणे ऐकून घ्यावे. झोप उडाली, भूक मंदावली, जगणे नकोसे वाटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जरूर न्यावे. ते नैराश्यावरच्या उपचारासाठी. कल बदलण्यासाठी नव्हे. आणि तोवर स्थळे पाहणे थांबवावे.